हिरवळीला पडलेलं दुसरं वेज

गोल्फच्या हिरवळीवर, भोकापासून दोन हातांवर पडलेला चेंडू मी पटरऐवजी वेजनं मारला, आणि त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीची फुटायला आलेली सुपारी तशीच तबकात राहिली.

घडलं ते एवढंच. बाकीचा सगळा तपशील आहे. पण माणूस बुडतो तो तपशिलातच.

आमचं गाव कोरेगावच्या बाजूचं. गावात काठीनं मारायच्या वस्तू दोनच, विटी आणि बैल. (शाळेतले गुरुजी तिसरी वस्तू मारत, पण तिच्याविषयी मी बोलणं बरं नव्हे.) अशा गावातल्या माणसाचा गोल्फशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण मी पुण्याला एका लष्करी कचेरीत कारकून होतो, आणि आमचे साहेब रविवारी गोल्फ खेळत. एकदा तातडीच्या कागदावर सही हवी म्हणून मला मैदानावर पाठवलं. साहेबांनी सही केली आणि माझ्या हातात छत्री दिली. पुढचे तीन तास मी ती त्यांच्या डोक्यावर धरून हिंडलो.

त्या आठवड्यात घरी धाडलेल्या अंतर्देशीय पत्रात मी लिहिलं, ‘गेल्या रविवारी साहेबांसोबत गोल्फला होतो.’ यातला शब्दन् शब्द खरा होता. पण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पत्र सोसायटीच्या कट्ट्यावर तीनदा वाचून दाखवलं, आणि तिसऱ्या वाचनाला ‘होतो’चं ‘खेळतो’ झालं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याच सुमाराला नलूला, माझ्या बहिणीला, सांगलीकडचं स्थळ आलं. त्याआधी पाच जण तिला बघून गेले होते. एकाला ती उंच वाटली, एकाला शिकलेली वाटली, एकाला नुसतीच ‘वाटली’, पुढं काय ते त्यानं कळवलं नाही. उरलेल्या दोघांना नलूनंच नको म्हटलं. मग आला विलास. साखर कारखान्यात शेतकी खात्यात होता. बघायच्या कार्यक्रमात नाव-गाव-शिक्षण सोडून त्यानं एकदम विचारलं, दारातल्या मिरचीची पानं का गोळा झालीत? नलूनं मान वर करून सांगितलं की राख टाकून पाहिली, ताक फवारून पाहिलं, काही उपयोग नाही. त्यानंतर ती दोघं मिरचीवरच्या रोगाबद्दल इतका वेळ बोलत बसली, की आबांना दोनदा खोकावं लागलं आणि एकदा खरा ठसका लागला.

पाहुणे गेले. चार दिवसांनी नलूनं चुलीशी बसल्या बसल्या आईला विचारलं, “त्यांचं काय आलं?” आमच्या घरात मुलीनं आपण होऊन असं विचारणं म्हणजे देवानं कौल देण्यातला प्रकार. आई उठून देवापुढं साखर ठेवून आली.

विलासचे वडील मेजर होते. आमच्याकडं फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणायची पद्धत आहे, मग तो तिथं भटारखान्यात कांदे का चिरत असेना. पण हे खरेखुरे मेजर होते, खांद्यावर सरकारनं चिकटवलेले. आबांनी त्यांना घराण्याची माहिती कळवताना लिहिलं, ‘थोरले चिरंजीव पुण्यास सरकारी नोकरीत असून गोल्फ खेळतात.’

उलटटपाली उत्तर आलं. त्यात नलूबद्दल एक ओळ होती, मुलगी पसंत आहे म्हणून. माझ्याबद्दल दीड पान होतं. निवृत्त होऊन आल्यापासून मेजरसाहेबांना अख्ख्या सांगली जिल्ह्यात गोल्फला जोडीदार मिळाला नव्हता. ‘सुपारी फोडायला येताना थोरल्या चिरंजिवांना आणावेच,’ असं लिहून ‘च’खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी आबांना खरं काय ते सांगितलं. छत्रीसकट सांगितलं.

आबा शांतपणे म्हणाले, “आता मागं फिराय येत न्हाई. चेंडूला काठीच मारायची हाय न्हवं? इटीदांडूत तू गावात एक नंबर हुतास.”

हे खरं होतं, आणि यातच मी बुडालो.

ठरल्या दिवशी आबा, तात्या (माझे चुलते) आणि मी असे तिघं एस.टी.नं सांगलीला आणि तिथून बैलगाडीनं मेजरसाहेबांच्या मळ्यावर पोचलो. सोप्यात बैठक तयार होती. तबकात सुपारी, हळदकुंकू, नारळ, सगळं मांडलेलं. पण मेजरसाहेबांचं लक्ष तबकाकडं नव्हतंच. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. बाकीची मंडळी चहा घेईपर्यंत एक डाव होईल, सुपारी काय पळून जात नाही, म्हणाले.

गोल्फला अठरा भोकं लागतात, हे मला पुण्यात छत्रीखाली कळलं होतं. मेजरसाहेबांकडं एक होतं. उसाच्या दोन फडांमध्ये, विहिरीच्या अंगाला, त्यांनी तीन-चार खाटा मावतील एवढी हिरवळ केली होती आणि तिच्यात ते एकुलतं एक भोक. एकदा विहिरीकडून मारायचं, एकदा गोठ्याकडून, एकदा उकिरड्याकडून, असं अठरा वेळा त्याच भोकात. गवताचे गड्डे त्यांनी पाचगणीहून ओल्या पोत्यात गुंडाळून आणले होते. दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला तेव्हा स्वतःच्या अंघोळीचं पाणी घालून ते जगवलं होतं. कापायला यंत्र नव्हतं, म्हणून त्याच दुष्काळात माणहून मेंढरं घेऊन आलेल्या भिवा धनगराला त्यांनी मळ्यावरच ठेवून घेतलं होतं. सकाळी मेंढरं हिरवळीवर सोडायची, अर्ध्या तासानं काढायची, मग भिवानं बसून लेंड्या वेचायच्या. हिरवळीवर पाऊल ठेवण्याआधी पायताण काढायचं, हा नियम. मी बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. मेजरसाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, पण फौजेतला माणूस, काही बोलला नाही.

मग त्यांनी कॅनव्हासच्या पिशवीतून एकेक काठी काढून तिची ओळख करून दिली. पोरीबाळींची करून द्यावी तशी, नाव सांगून आणि जरा कौतुकानं. ही ड्रायव्हर, ही आयर्न, हे वेज, चेंडू खालून वर उडवायला, हा पटर, हिरवळीवर हळूच ढकलायला. मी सगळ्यांना मान डोलावली. त्यातलं एकच नाव डोक्यात राहिलं, आणि ते का राहिलं हे सांगायला हवं. नथीसाठी नाकाला पाडतात त्याला आमच्याकडं वेज म्हणतात. सुईला असतं तेही वेज. म्हणजे थोडक्यात, भोक. अडाण्याला पोथीत आपल्या गावाचं नाव दिसावं तसा मला धीर आला. म्हटलं, भोकात घालायची काठी ही.

पहिला टोला विहिरीपासून. मेजरसाहेब भोकावर नजर रोखून, डोळ्यांवर हात धरून उभे राहिले. मी डोळे मिटले आणि हाणला. चेंडू निघाला तो उसाच्या दिशेनं. बांधावर एक मेंढी उभी होती, तिच्या पाठीवर आपटला, लोकरीतून सुटला आणि घरंगळत घरंगळत हिरवळीवर येऊन भोकापासून दोन हातांवर थांबला. मेंढीनं मागं वळून पाहिलं. भिवानंही माझ्याकडं पाहिलं. मेजरसाहेबांनी मात्र फक्त शेवटचं घरंगळणं पाहिलं होतं. त्यांनी मला मिठी मारली.

तो चेंडू उसात गेला असता तर किती बरं झालं असतं! मी हसं करून घेतलं असतं, मेजरसाहेब हिरमुसले असते, आणि सुपारी फुटली असती. पण नशीब फिरायचं असलं की आधी ते असं मिठी मारतं.

मेजरसाहेबांनी सोप्याकडं हाका घातल्या. हातातल्या कपबश्यांसकट सगळी बैठक आली. आबा, तात्या, विलास, त्यांच्याकडची चार वडीलधारी माणसं. सगळ्यांनी पायताणं काढली आणि हिरवळीभोवती कडं केलं. आबांच्या चेहऱ्यावर, आपण पत्रात लिहिलेलं खरंच असावं, असा भाव होता.

“हं, पाहुणे,” मेजरसाहेब म्हणाले, “आता नुसता आत सोडायचा.”

मी पिशवीपाशी गेलो आणि वेज काढलं.

मेजरसाहेबांच्या भुवया किंचित वर गेल्या, मग खाली आल्या. पुढं खूप दिवसांनी त्यांनी स्वतःच सांगितलं की, पुण्यात हल्ली असं खेळत असतील, असं त्यांना वाटलं. खेड्यातल्या माणसाच्या मनात पुण्याबद्दल असलेल्या आदरानं आजवर अनेकांचं नुकसान केलंय.

आता हातात काठी, पुढ्यात विटीदांडूची असते तशी गल, भोवती गाव. माझं शरीर दहा वर्षांनी मागं गेलं. मी वाकलो. दोन पायांत चेंडू घेतला. काठीचं पातं चेंडूच्या मागं टेकवलं, खाली सारलं, आणि विटी कोलतात तसं मनगटाला झटका देऊन कोललं.

फर्रकन आवाज झाला. जुनं धोतर फाटावं तसा. मळ्यावरच्या भाकरीएवढं गवत मुळासकट वर उडालं, हवेत एक गिरकी घेतली आणि मेजरसाहेबांच्या छातीवर, पदकं लावतात त्या बाजूला, चिकटलं. चेंडू कुठंच गेला नाही. गवत निघून गेल्यावर जो खड्डा झाला, त्यात तो टुपकन पडला.

 मग आबांनी आणि तात्यांनी टाळ्या वाजवल्या.

“गेला बगा आत, मेजरसाहेब,” आबा म्हणाले. “एका दणक्यात.”

त्यांचा काय दोष? चेंडू भोकात घालायचा असतो एवढं त्यांना माहीत होतं, आणि चेंडू भोकात होता. ते भोक मघा तिथं नव्हतं, ही बारीक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. तात्या तर शेजारच्या वडीलधाऱ्यांना सांगत होते, की लहानपणापासून हाताला असंच वळण हाय.

मला मात्र कळलं होतं. आणि कळल्यावर शहाणा माणूस जिथल्या तिथं उभा राहतो. मी चेंडू खड्ड्यातून काढायला म्हणून परत तेच वेज आत खुपसलं आणि उचकटलं. आणखी एक भाकरी निघाली, पहिलीपेक्षा जरा लहान. ती मी घाईनं खड्ड्यात बसवली, पण ती होती दुसऱ्या खड्ड्यातली. ती पहिल्यात सैल झाली. म्हणून मेजरसाहेबांच्या छातीवरची काढून घेतली (“माफ करा हं” म्हणून), दुसऱ्यात दाबली. ती मावेना. पायानं दाबली. तरी फुगलेलीच. मग चांगला नाचलो तिच्यावर. खाली पाहिलं तर गवत जमिनीत आणि मुळं वर.

भिवा तेवढ्यात जवळ येऊन टेकला होता. तो हिरवळीकडं बघत म्हणाला, “चाळीस मेंढरं हाईत माजी, रोज चरत्यात. पर एवडं कवा खाल्लं न्हाई.”

मेजरसाहेबांनी माझ्या हातातून वेज काढून घेतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि पिशवीत ठेवलं. मग खुरपं मागवून गुडघ्यांवर बसले. एकेक मूळ हातानं उलटं करून लावत होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी जगलो असतो. त्यांनी फक्त पाणी मागितलं, आणि ते गवतासाठी.

जेवणं झाली. सुपारीचा विषय कुणी काढेना. शेवटी आबांनीच तबकाकडं बघत घसा खाकरला. मेजरसाहेब म्हणाले, “विचार करून कळवतो.” लग्नाच्या बाजारात या तीन शब्दांचा अर्थ काय होतो, हे ज्याच्या घरात मुलगी आहे त्याला सांगायला नको.

परतीची एस.टी. कऱ्हाडला थांबली. तात्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “ह्यो चेंडू कोलाय गेला, आन् त्येंनी आपल्यालाच कोललं.” आबांनी त्यांना गप बसायला सांगितलं नाही.

घरी नलू पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभी होती. तिनं आबांच्या हाताकडं पाहिलं. पेढ्यांचा पुडा नव्हता. तिनं काही न विचारता तांब्या माझ्या हातात दिला. आबा आत गेल्यावर मात्र म्हणाली, “दादा, तू नेमकं काय केलंस?”

मी सगळं सांगितलं. मेंढीसकट सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

“किती मोठं पडलं?” तिनं विचारलं.

मी दोन्ही हातांनी माप दाखवलं. ती त्या हातांमधल्या मोकळ्या जागेकडं बराच वेळ बघत राहिली आणि मग आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरचीची रोपं तिनं उपटून टाकलेली दिसली.

तीन आठवडे झाले, पत्र नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की आई दारात, नलू परसात. मी पुण्याला होतो तरी मला झोप नव्हती. शेवटी एका शनिवारी रजा टाकली, पाचगणीला गेलो, एका बागेच्या माळ्याच्या हातापाया पडून पोतंभर गवत घेतलं आणि तसाच एस.टी.च्या टपावर पोतं टाकून सांगली गाठली. दर थांब्याला टपावर चढून पोत्यावर पाणी मारत होतो. कंडक्टरला वाटलं आत मासे आहेत.

मेजरसाहेबांनी पोतं उघडलं. एक काडी काढून बोटांत फिरवली, वास घेतला, दाताखाली धरली.

“हे ते नव्हे,” ते म्हणाले.

आणि भिवाला खूण केली. पाचगणीहून मांडीवर घेतल्यासारखं आणलेलं माझं प्रायश्चित्त चाळीस मेंढरांनी उभ्या उभ्या संपवलं. मग मेजरसाहेबांनी माझ्यापुढं खुरपं टाकलं आणि म्हणाले, “बसा.”

मी बसलो. रविवारची सकाळ ते दुपार मी आणि भिवा त्या हिरवळीवर उकिडवे बसून तण काढत होतो. मेजरसाहेब काठी टेकून उभे. मी उपटलेली प्रत्येक काडी ते तपासत. दोन वेळा मी तण ठेवून गवत उपटलं. दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी माईसाहेब, विलासच्या आई, भाकरी घेऊन बांधावर आल्या. मेजरसाहेब हात धुवायला विहिरीकडं गेले होते. माईसाहेबांनी माझ्या ताटात कालवण वाढलं, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “इथं माझा वांग्याचा वाफा होता.”

मी हिरवळीकडं पाहिलं.

“दुष्काळात एकेक रोप डोळ्यांदेखत वाळलं. मागायला गेले तर म्हणाले, वांगी काय, बाजारात मिळतात. आणि अंघोळीचं पाणी ह्या गवताला. चार वर्षं झाली, कुणाची छाती झाली नाही त्याला हात लावायची.” त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. “तुम्ही दोन खड्डे पाडलेत. मी त्या दिवशी आत जाऊन देवाला नमस्कार केला.”

त्या संध्याकाळी सोप्यात काय झालं ते मी दारातून ऐकलं. माईसाहेब म्हणाल्या, मला ह्यांच्याच घरातली मुलगी हवी. विलास म्हणाला, करीन तर हीच, मला मुलगी करायचीय, तिचा भाऊ नाही. मेजरसाहेबांनी आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. मग म्हणाले की रणांगणावर दोन्ही बाजूंनी घेरलं गेल्यावर काय करायचं ते फौजेत शिकवतात. आणि सुपारीचं तबक मागवलं.

मी गावी पेढे घेऊन गेलो. नलूनं पुडा घेतला, एक पेढा आईला दिला, एक देवाला ठेवला. मला दिला नाही. म्हणाली, लग्न लागेपर्यंत तू काही खाऊ नकोस, काही करू नकोस आणि कुठं जाऊ नकोस.

लग्न आमच्या दारात लागलं. मी तिचं ऐकून मांडवाच्या एका खांबाला टेकून दिवसभर उभा होतो. अक्षतासुद्धा लांबून टाकल्या. पण कानपिळीची वेळ आली, आणि नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. तो काही दुसऱ्याला देता येत नाही. भटजींनी माझं नाव पुकारलं. मी पुढं झालो. विलासनं बिचाऱ्यानं हसून डोकं कलतं केलं. मी हात उचलला.

पहिल्या रांगेतून मेजरसाहेब उठले, मांडवातल्या सगळ्यांच्या देखत आले आणि माझं मनगट धरलं.

“पाहुणे,” ते म्हणाले, “कान पिळायचा असतो. उपटायचा नसतो.”